खोटे चार दिवस

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली होती आणि त्या एका खोलीत आम्ही नऊ जण राहत होतो. सासूबाई, थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे माझी मोठी जाऊ, त्यांची चार मुलं, आमचे हे आणि मी. सासरे गिरणीत छातीत कापूस भरून खोकून खोकून गेले. दिरांना कधी काम असे, कधी नसे. म्हणून सासूबाईंनी खानावळ सुरू केली होती. गावाकडून एकटे आलेले बारा कामगार आमच्या दारात जेवून जात. एकवीस माणसांच्या भाकऱ्या दोन जावांच्या हातावर होत्या. मी त्या घरात आले तेव्हा मॅट्रिक होऊन शाळेत शिकवत होते आणि सकाळच्या कॉलेजात जात होते. पुढे बी.ए. झाले. माझ्या माहेरी, सासरी आणि चाळीच्या तिन्ही मजल्यांवर बी.ए. झालेली मी पहिली बाई. हे मी आजही मुद्दाम सांगते. ज्याला खटकेल त्याला खटको.

दीड महिन्यापूर्वी पुतण्याचा फोन आला, “काकी, आई गेली.” मी म्हातारीने खरं तर मटकन बसायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता सगळी चाळ हिच्यासाठी रडेल... माझ्यासाठी कोण रडेल? पन्नास वर्षांची सवय आहे ती, फोनवरच्या एका वाक्याने कशी जाईल? वयनीचा, म्हणजे या मोठ्या जावेचा, मी आयुष्यभर मत्सर केला. ती गेल्यावर गोड गोड लिहिण्यापेक्षा हे आधी लिहून टाकलेलं बरं.

वयनीला अक्षरओळख नव्हती. रेशनच्या कार्डावर अंगठा उठवायची. पण चाळीतल्या बायका काही झालं की तिच्याकडे यायच्या, माझ्याकडे नाही. मी शरीरशास्त्राचं पुस्तक वाचलेली, गर्भाशयाची आकृती फळ्यावर काढू शकणारी बाई, आणि माझ्यासमोरून त्या पदर सावरत वयनीच्या चुलीपाशी जाऊन कुजबुजायच्या. सासूबाई किल्ल्या तिच्याकडे द्यायच्या. आमचे हे घरी आले की आधी “वयनी, जेवलीस?” आणि मग माझ्याकडे बघायचे. तिला चार मुलं होती. मला एकही नव्हतं.

त्या काळी बाजूला बसायचं असे. एका खोलीत बाजू ती कुठली? गॅलरीच्या टोकाला एक गोणपाट टाकलेलं असे, त्यावर चार दिवस काढायचे. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. त्या चार दिवसांत दुसऱ्या जावेवर एकवीस माणसांचं रांधणं आणि खालच्या नळावरून सगळं पाणी भरणं. मला सुरुवातीला त्या गोणपाटाची भयंकर लाज वाटे. सकाळी शाळेत मुलींना स्वच्छता शिकवायची आणि संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल अशा जागी बसायचं! पण लवकरच माझ्या लक्षात आलं की या घरात कुणी मला हाक मारत नाही, असे महिन्यातले तेवढेच चार दिवस आहेत. मी तिथे बसून वाचायला लागले. पेपर तपासायला लागले. आणि मग एका शिमग्याला, शाळेतल्या वार्षिक परीक्षेचे गठ्ठे अंगावर पडलेले असताना, मी काही झालेलं नसताना जाऊन गोणपाटावर बसले.

कुणालाच कळलं नाही, असं मला वाटलं. मग मी सोकावले. शाळेत कायम व्हायचं तर शिक्षकांची परीक्षा द्यावी लागणार होती, तिचा अभ्यास जूनपासून सुरू केला आणि माझे ‘चार दिवस’ घड्याळासारखे यायला लागले. गणपतीत बसले, दसऱ्याला बसले. खरं सांगायचं तर मधूनमधून माझं चुकतच होतं. कधी दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत. पण खोटं इतकं नियमित चाललं होतं की खरं काय ते मीच बघेनाशी झाले.

त्याच सुमाराला सगळं गिरणगाव पेटलेलं होतं. संयुक्त महाराष्ट्र हा आमच्या गॅलरीत भाकरीइतका रोजचा शब्द होता. आमचे हे माघात सत्याग्रहाला गेले आणि आत गेले. खानावळीतले तिघे त्यांच्याबरोबर. त्यानंतर मी बाजूला बसणं सोडलं. खरं काही येतच नव्हतं, आणि वयनीवर एवढा भार पडलेला असताना खोटं बसायला तोंड नव्हतं. सासूबाईंनी ते टिपलं. दीड महिना, दोन महिने, तीन. आधी त्यांना आशा वाटली. मग कळलं की तसंही काही नाही.

माझं मात्र बिनसलं होतं. वर्गात शिकवता शिकवता छातीतून एक ऊब निघायची आणि मानेवरून कानशिलापर्यंत चढायची. घामाने पोलकं भिजायचं, आणि पुढच्या मिनिटाला हुडहुडी. मुलींची नावं आठवेनात. एकदा साध्या बेरजेला अडखळले. एकदा एका मुलीने नीट उत्तर दिलं म्हणून मला रडू आलं... छत्तीस वर्षांची बाई, भर वर्गात! सासूबाई मला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी विचारलं, “कधीपासून?” माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, “घोव आत गेलो तेव्हापासून. तेच्या आधी अगदी महिन्याच्या महिन्याला.” मी काय सांगणार होते? की ते बसणं खोटं होतं म्हणून? डॉक्टर म्हणाले, “मनाला ताण आहे. त्यात नोकरी, त्यात अभ्यास. नोकरी सोडा, विश्रांती घ्या, सगळं जागेवर येईल.” बाहेर पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मी काय सांगी होतंय? शिकान शिकान आतला सगळा सुकला.”

मी राजीनामा लिहिला. सुंदर अक्षरात लिहिला, कारण दुसरं कसं लिहायचं ते मला येत नाही. परीक्षा दोन महिन्यांवर होती. ती सोडायची, शाळा सोडायची आणि भाकऱ्या थापत मन शांत व्हायची वाट बघायची, असं ठरलं. वयनीने भाकरी उलटता उलटता विचारलं, “कागद कधी देतलंस?”

“सोमवारी.”

“मग शनवारी माझ्याबरोबर येतंस. गिरगावात एक डॉक्टरीणबाय आसा. खालच्या यमुनेचा बाळंतपण तिनाच केल्यान.”

“आता कशाला वयनी? झालंय ना निदान.”

“डॉक्टर तुझ्या सासवेच्या तोंडान बोललो. माका काय तां पटूक नाय.”

ट्रामने गेलो. फणसवाडीजवळ एका जिन्याखाली दवाखाना होता. डॉक्टरीणबाई पोक्त, जाड चष्म्याच्या. त्यांनीही तेच विचारलं, कधीपासून? मी पढवल्यासारखं म्हटलं, “यांना पकडल्यापासून.” आणि शेजारून वयनी म्हणाली, “नाय बाय. खोटा बोलता ता.”

ती माझ्याकडे न बघता बोटांवर सांगायला लागली. शिमग्याला बसली ते खोटं. त्याच्या आधी संक्रांतीला खरं होतं, पण दीड महिन्याने आलेलं. गणपतीत खोटं. दसऱ्याला खोटं. नवरात्राच्या आधी एकदा खरं, दोनच दिवस. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सगळ्या बायका शाली गुंडाळून कहाणीला बसलेल्या आणि ही पदराने वारा घेत होती. “आणि भावजी आत गेले ते माघात. मग त्येंचा नाव कशाक?”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “तू कोण हिची?”

“जाव.”

“जाऊ एवढं लक्ष ठेवते?”

“जावच ठेवता. घोवाक काय कळता?”

डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या. मी नाही हसले. मी विचारलं, “तुला कसं कळलं खोटं आहे ते?”

“तुझी फडकी दोरयेर नसायची,” वयनी म्हणाली. “म्हातारेक संशय येतलो म्हणान तुझी कोरी फडकी मीच भिजवन वाळत घालत होतंय. तांबड्या लुगड्याखाली. तू आपला वाच वाच वाचत होतंस.”

म्हणजे माझ्या थापेसाठी बारा कामगारांच्या आणि घरच्यांच्या भाकऱ्या तिने थापल्या होत्या, दोन मजले पाणी चढवलं होतं, आणि वर माझी थाप उघडी पडू नये म्हणून फडकी भिजवली होती. सगळं कळत असताना. एक अक्षर न बोलता. मला तेव्हा कृतज्ञता वाटायला हवी होती. मला राग आला. माझ्या स्वतःच्या शरीराची गोष्ट, आणि तीसुद्धा हिलाच आधी ठाऊक!

डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, पुष्कळ विचारलं. ऊब येते ती भीती वाटल्यावर, की उगाच? उगाच, रविवारी तांदूळ निवडतानाही. आईचं कधी थांबलं? आई लवकर गेली, पण मावशी अडतिसाव्या वर्षी सुटली होती. मग त्या म्हणाल्या, “काळजीनेही पाळी चुकते बरं का. धडधड होते, झोप जाते, रडू येतं. म्हणून दोन्हींची गल्लत होते. पण काळजीच्या आधी वर्षभर सुरू झालेलं काळजीने कसं होईल? तुमचं जायला लागलंय, लवकर जायला लागलंय. काही बायकांचं जातं. त्यात शिकण्याचा दोष नाही आणि शिकवण्याचाही नाही. नवरा सुटून आला, मन हलकं झालं आणि तरी हे परत रुळावर आलं नाही, तर मी म्हणते ते खरं.” आणि पुढे म्हणाल्या, “मुलाची आशा अगदीच सोडा असं म्हणत नाही. पण फार धरू नका.”

येताना ट्राममध्ये लालबाग जवळ आल्यावर वयनी एवढंच म्हणाली, “कागद फाड.”

“आणि आईंना काय सांगू?”

“म्हातारेक मी बघतंय.”

तिने सासूबाईंना काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. पण त्यानंतर शिक्षणाने सुकल्याची भाषा घरात निघाली नाही. मी राजीनामा फाडला. आणि मग पुढच्याच आठवड्यात वयनी गोणपाटावर जाऊन बसली. पंचेचाळीस वर्षांची, चार मुलांची आई, आरामात पाय पसरून मुलीच्या केसांतल्या उवा काढत बसलेली. मी चुलीपासून तिच्याकडे बघत होते. ज्या गोणपाटाची मला किळस होती, तिथे बसायचा तिचा हक्क मला त्या दिवशी इतका टोचला की हातातली भाकरी तव्यावर करपली. “जळता गो!” ती तिथून ओरडली. होय, जळतच होतं.

आमचे हे सुटून आले. दारात आधी आईच्या आणि मग वयनीच्या पाया पडले. मी मागे उभी होते. मन हलकं झालं, पण बाकी काही परत आलं नाही. पुढची दोन-तीन वर्षं ती ऊब येत राहिली, जात राहिली. महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत पेढे वाटले तेव्हाही आली होती. पण आता मला ती ओळखता येत होती. आपल्याला वेड लागत नाहीये, एवढं कळलं की बाई वर्गात फळ्याकडे तोंड करून दोन मिनिटं उभी राहू शकते, घाम पुसू शकते आणि पुन्हा शिकवू शकते.

आता माझ्या पुतण्यांच्या मुली तिशी-पस्तिशीच्या आहेत. झोप नाही, चिडचिड, तारखा पुढेमागे, की लगेच म्हणतात ऑफिसचं टेन्शन. असेलही. ते नसतं असं कोण म्हणतं? पण टेन्शन कधी आलं आणि त्रास कधी आला, याच्या तारखा कुणीतरी शेजारी शेजारी मांडायला हव्यात. त्यांच्या फ्लॅटात जाऊ नाही.

वयनीच्या तेराव्याला मी चाळीत गेले. जेवणं झाल्यावर गॅलरीत दोन बायका माझ्याजवळ आल्या, वरच्या मजल्यावरच्या, माझ्या ओळखीच्या नव्हत्या. एक म्हणाली, “तुम्ही शिकलेल्या जाऊबाई ना? त्या सांगायच्या तुमचं.” मला वाटलं, आता माझी फजिती निघणार. मी विचारलं, “काय सांगायच्या?” ती म्हणाली, “सांगायच्या, माझी जाव हेडबाई आसा, माझ्या जावेसारखी जाव लालबागेत नाय.” ...इतकी वर्षं मी तिचा मत्सर करत होते आणि ती माझी फुशारकी मारत होती. यातही तीच वरचढ ठरली. ती बाई अजून उभीच होती. बहिणीला घेऊन आली होती, बहीण सदतीस वर्षांची. मी गॅलरीत बैठक मारली आणि म्हटलं, “बस. घाई नको. आणि डॉक्टरला सांगायचं ते आधी मला खरं सांग.”

मी नोकरी सोडली नाही. ती परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले आणि त्याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले.