निळा डबा

माझे भावोजी आकाशपाळण्यावरचे मिस्त्री. कुठल्याशा शहराच्या मुख्य चौकात थंडीपुरता पाळणा उभा करायचा, फिरवायचा, उतरवायचा आणि पुढचं शहर गाठायचं. असल्या बिऱ्हाडात ताईने जन्म काढला. गिऱ्हाईक कमी असलं की पाळण्याचा तोल जातो, म्हणून भावोजी तिलाच समोरच्या बाजूच्या निळ्या डब्यात बसवायचे. "माझ्या बहिणीचं वाळूचं पोतं केलंत हो!" मी भांडायचे. ताई आपली हसायची. डबा खाली आला की विचारायची, "उतरू का?" आणि भावोजी म्हणायचे, "बस गं, अजून एक फेरी."

यंदा ताई चौकाला लागूनच्या इस्पितळात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. खाटेवरून पाळण्याचा नुसता माथा दिसायचा, तेवढ्यावर ती दिवस काढत होती. नेमकी तेव्हाच चौक मोकळा करायची वेळ आली. डबे नेहमी समोरासमोरचे, जोडीने उतरवतात. भावोजींनी शेवटची जोडी ठेवली, निळा वर आणि त्याचा जोडीदार खाली. तू आहेस तोवर निळा हलणार नाही, असा शब्दच दिला होता त्यांनी तिला.

त्या दुपारी मालक ट्रक घेऊन आला. म्हणाला, "निळा राहू दे हवा तर, पण खालचा आज जाणार." जन्मभर तोल तोल करून आमचं डोकं खाल्लेल्या माणसाने ब्रेकच्या भरवशावर खालचा डबा काढला आणि भावोजी धापा टाकत वर ताईच्या खोलीत आले.

"बघ, आहे ना तुझा डबा?"

आम्ही बघत असतानाच निळा डबा हलला. सावकाश घसरत खिडकीच्या चौकटीखाली गेला.

"आला वाटतं खाली," ताई म्हणाली. "उतरू का?"

"नाही, नाही! बस! अजून एक फेरी!" भावोजी ओरडले आणि जिन्याकडे धावले. अहो, थांबा, तिचा हात धरा, असं मी म्हणेपर्यंत गेलेसुद्धा. अस्सा राग आला मला त्या वेड्या माणसाचा!

ताईने माझ्याकडे बघितलं, आणि मग बघायची थांबली.

किती वेळाने कोण जाणे, मी खिडकीशी गेले. निळा डबा पुन्हा वर आला होता. खाली, त्याच्या समोरच्या दांड्याला भावोजी आणि त्यांचे गडी दोन्ही हातांनी लोंबकळत होते. मला बघून भावोजींनी हनुवटी उडवून विचारलं, दिसतोय ना तिला?

मी मान हलवली. हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते मी?