फोनवरचा झरा

दरवर्षी थंडीत आमच्या रानात एक मेंढपाळ कळप बसवतो. त्याचं गाव लांब, पूर्वेच्या दुष्काळी भागात, डोंगराखाली आहे. संध्याकाळी तो बांधावर बसून फोन कानाला लावतो आणि काहीच बोलत नाही. डोळे मिटून नुसता ऐकतो.

यंदा मी धीर करून विचारलं, "मामा, तुमच्या डोंगराला गवतच न्हाय व्हय?"

"हाय की, गुडघाभर हाय! त्येच्यामुळंच पाणी डोंगरात मुरतंय. मेंढरांनी त्ये खाल्लं तर खालचा झरा आटंल. मग माझी कारभारीण घराला कुलूप लावून गावच सोडंल."

"आणि फोनवर कोण बोलतंय?"

"ती झऱ्याला फोन लावून धरती. आज लई बारीक ऐकू येतंय. तुमी ऐका बघू, आक्का."

मी फोन कानाला लावला. आधी नुसता वारा होता. मग कुणी झोपेत पुटपुटावं तसं पाणी वाजलं. समोरचा ऊस मला दिसेनासा झाला.

"हाय न्हवं?" त्यानं पुढं वाकून विचारलं.

"हाय, मामा."

सकाळी त्यानं घराकडं पाठ केली आणि मेंढरं आणखी पुढं, गगनबावड्याच्या वाटेला लावली.