म्हाताऱ्यांसाठी तिसरा मजला

माझी आत्या लग्नानंतर वर्षभरात विधवा झाली आणि पुढचं सगळं आयुष्य तिनं गिरगावात दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटण्यात घालवलं. हात थकले तेव्हा आम्ही तिला घरी बोलावलं. आमच्या दोन खोल्यांत आधीच माणसं मावत नव्हती, हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, मला माझी खोली मिळाली आहे, तुम्ही माझ्याकडे येत जा.

ती खोली फणसवाडीच्या पलीकडे एका ट्रस्टच्या आवारात होती. कुणा दानशूर माणसानं फार पूर्वी निराधार म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या बैठ्या, कौलारू खोल्यांची ती एक रांग. पुढे पडवी, मागे नळ. कौलं गळायची, भिंतींना ओल होती, पण उंबरा ओलांडला की माणूस थेट अंगणात यायचा. मी शिक्षिका होते; संध्याकाळी शाळा सुटल्यावर जायची तेव्हा सगळी मंडळी पडवीत बसलेली असत. आत्याच्या शेजारच्या खोलीत लालबागच्या गिरणीतून निवृत्त झालेले एक मालवणी विणकर राहायचे. त्यांना सगळे मामा म्हणत. कापसाची धूळ छातीत बसून त्यांचा दम गेला होता. बोलताना मध्येच थांबायचे, श्वास घ्यायचे, मग राहिलेलं वाक्य पुरं करायचे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मी मोर्च्यांत जायची, घोषणा देऊन घसा बसवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तसल्याच आवाजात वर्गात शिकवायची. द्विभाषिक राज्याचं सरकार आमचं नाही, असं आम्ही म्हणत होतो. त्याच सरकारनं एक दिवस जाहीर केलं की या म्हाताऱ्यांच्या खोल्या पाडून तिथं नवी इमारत बांधायला ते पैसे देणार. काही अनुदान, काही कर्ज. ट्रस्टचे मुख्य विश्वस्त वकील होते. त्यांनी आवारात येऊन सगळ्यांना सांगितलं की पक्क्या खोल्या मिळतील, वीज मिळेल, फक्त बांधकाम होईपर्यंत माहीमला जाऊन राहावं लागेल. मला आनंद झाला, हे मान्य करते. सरकार कुणाचंही असो, पैसा चांगल्या कामाला लागतोय असं वाटलं.

माहीमला खाडीजवळ पत्र्याच्या शेड होत्या. दुपारी आत बसवत नसे आणि रात्री डास झोपू देत नसत. 'थोडे दिवस' म्हणून नेलेली माणसं तिथं दोन उन्हाळे राहिली. त्यातली काही तिथंच गेली. कुणी तक्रार केली की वकीलसाहेब म्हणायचे, नव्या इमारतीसाठी एवढं सोसायलाच हवं. ते स्वतः गिरगावातच राहत होते.

इमारत उभी राहिल्याचं कळलं तेव्हा आत्या मला म्हणाली, चल, बघून येऊ. आम्ही गेलो. इमारत खरंच देखणी होती. तळमजल्यावर मोठे गाळे होते, त्यांना लोखंडी शटरं होती. आत्यानं वॉचमनला विचारलं, आमच्या खोल्या कुठल्या? त्यानं बोट वर केलं. गाळे दुकानांना द्यायचे ठरले होते. पहिल्या मजल्यावर ट्रस्टची कचेरी आणि लग्नामुंजींना भाड्यानं द्यायचा हॉल. दुसऱ्या मजल्यावर ट्रस्टच्या ओळखीतली माणसं. आणि आमची मंडळी तिसऱ्यावर. लिफ्ट नव्हती. आत्या जिना चढायला लागली. प्रत्येक वळणावर थांबत, कठडा धरत ती वर पोचली, एका खोलीत जाऊन तिनं भिंतीला हात लावून पाहिला आणि खाली उतरली. उतरायला तिला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तिथून ती थेट वकीलसाहेबांच्या घरी गेली. मी मागोमाग. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा विचारला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की सरकारचं कर्ज फेडायचं तर दुकानांचं भाडं यायलाच हवं, आणि लिफ्ट खर्चात बसत नाही.

आत्यानं विचारलं, "सरकारनं पैसे कुणाच्या नावानं दिले?"

"वृद्धांच्याच नावानं."

"मग त्यातून वृद्धांना काय मिळालं? जिना."

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला नाही. ते म्हणाले, वरच्या मजल्यावर हवा चांगली असते. हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. माणसाला इतक्या शांतपणे असं बोलता येतं, याचाच मला जास्त राग आला.

मी चळवळीतल्या आमच्या भागातल्या एका कार्यकर्त्याकडे गेले. मला वाटलं, हा आपला माणूस, हा तरी पेटून उठेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आधी महाराष्ट्र येऊ द्या, मग जिन्याचं बघू. मग त्याला एकदम कल्पना सुचली. उद्‌घाटनाला मंत्री येणार होते. म्हाताऱ्यांच्या हातात काळे झेंडे दिले तर मोठी बातमी होईल. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती नको म्हणाली. "मला महाराष्ट्र हवाच आहे," ती म्हणाली, "पण झेंडा धरला की सगळे झेंड्याकडे बघतील. जिना तसाच राहील."

उद्‌घाटनाच्या दिवशी ट्रस्टनं माहीमला लॉरी पाठवली. मंत्र्यांना दाखवायला म्हातारे हवे होते. मामांना मात्र त्याआधीच खुर्चीत बसवून चार हमालांकडून तिसऱ्या मजल्यावर नेलं होतं. तिथं एक नमुन्याची खोली सजवली होती, नवी खाट, खाटेवर पांढरी चादर, आणि चादरीवर मामा, गळ्यात हार. मंत्री वर येऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलणार होते.

लॉरी आली. सजावटीसाठी गाळ्यांची शटरं उघडी होती. आत्या खाली उतरली, वळकटी काखेत घेऊन सरळ पहिल्या गाळ्यात शिरली आणि वळकटी पसरून बसली. तिच्यामागून बाकीच्या बायका, मग पुरुष. कुणी घोषणा दिली नाही. कुणी आपली पितळी लोटी मांडली, कुणी देवाची तसबीर भिंतीला टेकवून ठेवली. बाहेर पोलीस होतेच, काळ्या झेंड्यांच्या भीतीनं आणलेले. एक तरुण फौजदार आत आला आणि त्यानं आत्याला विचारलं, "आजी, कसला मोर्चा आहे हा?"

"मोर्चा कुठला, बाबा. आम्ही राहायला आलोय."

तो घुटमळला. म्हाताऱ्यांना उचलायचं कसं, तेही मंत्र्यांची गाडी कोपऱ्यावर आली असताना, हे त्याला कळेना. तेवढ्यात मंत्री आलेच. वकीलसाहेबांनी घाईनं त्यांना जिन्याकडे वळवलं, वरची खोली दाखवायला. मंत्री अंगानं भरलेले होते. त्यांनी मान वर करून जिना पाहिला आणि पुढचा कार्यक्रम आहे, वेळ नाही, असं म्हणाले. गाळ्याच्या दाराशी उभी राहून मी हे कानांनी ऐकलं. ज्या जिन्यावर मंत्री एकदा चढायला तयार नव्हते, तो आमच्या माणसांनी रोज चढायचा होता.

तिथून हलता हलता गाळ्यांत बसलेली माणसं त्यांना दिसली. त्यांनी सोबतच्या अधिकाऱ्याला काहीतरी विचारलं, आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले की मागची बाजू यांना द्यायला काय हरकत आहे. तेवढ्या एका वाक्यानं गाळ्यांच्या मागच्या भागात पार्टिशनं उभी राहिली आणि जे लोक बसून राहिले होते त्यांना खाली जागा मिळाली. लोक आत्याचं कौतुक करायला लागले. ती म्हणाली, मामा वर राहिले.

मामांना तिसरा मजला 'दिला गेला' होता, त्यामुळे ते बसून राहिलेल्यांत धरले गेले नाहीत. आत्यानं ट्रस्टकडे विचारलं तर पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळालं. मी एकदा वर गेले तेव्हा मामा खिडकीशी बसले होते. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसत होती. म्हणाले, "माका खय इचारल्यानी? खुर्चीत बसवल्यानी नि वर नेल्यानी." दम घेऊन पुढे म्हणाले, "आता खुर्ची पण नेल्यानी."

मग महाराष्ट्र झाला. रस्त्यांवर दिवे लागले, लोक रडले, मीही रडले. काही दिवसांनी नव्या राज्याच्या कचेरीत मामांचा विषय घेऊन गेले. समोर तोच अधिकारी होता, उद्‌घाटनाला मंत्र्यांसोबत आलेला. त्यानं मला बसा म्हटलं आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाला. बाहेर येऊन मी कचेरीच्या पायरीवर बसले. याच्यासाठी का आपण ओरडत होतो, असं मला वाटलं. नंतर वाटलं, नाही, ओरडणं बरोबरच होतं. फक्त आम्ही फार लवकर थांबलो.

शेवटी आत्यानंच मार्ग काढला. ती मामांना म्हणाली, माझ्या खालच्या जागेत तुम्ही या, मी वर जाते, माझे गुडघे अजून चालतात. मामा ऐकेनात. ती म्हणाली, तुम्ही नाही आलात तर मी जेवणार नाही. मोर्च्यातल्या ओळखीची दोन मुलं आली, त्यांनी मामांना पाठुंगळी घेऊन खाली आणलं. ट्रस्टनं अशी अदलाबदल नियमात नाही म्हणून कळवलं. कुणी लक्ष दिलं नाही. मामा पुढे दोन वर्षं रोज सकाळी दाराबाहेर स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत राहिले. ते गेले तेव्हा निम्मी वाडी जमली होती.

आत्याचे गुडघेही एक दिवस थांबले. ती वर अडकली आणि मी तिला माझ्या घरी आणलं, मग माणसं मावोत की न मावोत. वकीलसाहेबांनी निरोप पाठवला की खोली रिकामी केल्याची सही द्यावी. आत्या म्हणाली, "लिफ्ट बसवा, त्याच दिवशी सही करते."

लिफ्ट बसली नाही. आत्यानं शेवटपर्यंत सही केली नाही.