कुत्रा काही करत नाही

कुत्रा पाळणाऱ्या माणसाच्या तोंडात एक वाक्य कायम तयार असतं, ‘काही करत नाही हो तो.’ हे वाक्य कानावर पडलं की माझं अजूनही डोकं फिरतं. आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा माझ्या आईला एकदाही चावला नाही, हे खरं आहे. कुणी विचारलं तर मीही तसंच सांगेन. त्यानं तिला फक्त एकदा पाडलं.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात राहायचो. जुन्या लष्करी बॅरका, त्यांत भिंती घालून केलेल्या खोल्या. बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे, मोठा भाऊ मस्कतला होता आणि मी दहावीत होते. घरात मोरी होती, संडास नव्हता. सगळ्या ओळीचा संडास नाल्यापलीकडे, सात दारं, त्यातली दोन कायम तुटलेली. तिकडे जायचं तर ओळीतल्या शेवटच्या खोलीवरून जावं लागायचं, आणि त्या खोलीत ते शेजारी राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मोटारी वाइंडिंग करून द्यायचं त्यांचं दुकान होतं. दुकानात एकदा चोरी झाली म्हणून त्यांनी कुत्रा आणला आणि दुकानात बांधायचा सोडून दारात मोकळा ठेवला. चांगला वासराएवढा होता. दिवसभर वाटेवर आडवा पसरलेला असायचा.

पुरुषांना तो फारसं काही करायचा नाही, पोरांच्या मागे धावून कंटाळायचा. बायकांच्या हातातल्या टमरेलाशी मात्र त्याचं काय वैर होतं कोण जाणे. डब्याची कडी वाजली की उठायचा आणि अंगावर यायचा. आई चालताना घाबरायची, घाबरली की डबा जास्त वाजायचा, आणि तो जास्त चेकाळायचा.

एका सकाळी त्यानं तिच्या साडीचा काठ तोंडात धरला आणि ओढला. ती नाल्याच्या कडेला पडली. डबा लांब गेला, पाणी सगळं अंगावर, साडी गुडघ्याच्या वर. समोर रांगेत दहाबारा माणसं उभी होती. त्यातली काही हसली. काका दारात दात घासत होते. म्हणाले, “वहिनी, अहो खेळतोय तो. तुम्ही पळता म्हणून तो येतो. काही करत नाही.”

आई उठली, साडी नीट केली आणि तशीच घरी परत आली. त्या दिवशी ती परत गेलीच नाही.

आता कुणीही विचारेल की भांडला का नाहीत. समोरच्या सिंधी आंटी भांडल्या. त्यांनी काकांना ओळीसमोर सुनावलं, आणि आईला म्हणाल्या, “हमारे अंदर बना हुआ है, तू इधर आया कर.” आई दोनदा गेली, मग बंद केलं. दुसऱ्याच्या घरात रोज डबा घेऊन कसं जायचं, म्हणाली. आम्ही मात्र तोंड उघडलं नाही, कारण आख्ख्या ओळीत टेलिफोन एकच होता आणि तो काकांकडे होता. दादाच्या पत्रांवर, बाबांच्या कंपनीत, माझ्या शाळेत, सगळीकडे आम्ही त्यांचाच नंबर द्यायचो, पुढे ‘पी. पी.’, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहून. महिन्यातून एका शुक्रवारी मस्कतहून फोन यायचा. काका हाक मारायचे, आई हातातलं टाकून धावायची. आणि त्या वेळी कुत्रा बांधलेला असायचा. वहिनी फोनला येणार म्हणून काका स्वतः साखळी लावायचे. म्हणजे माणसाला सगळं कळत होतं. मला त्याचा जास्त राग येतो.

बाबांनी एकदा विषय काढला, तर आईच म्हणाली, “राहू द्या. वाईटपणा घेऊ नका. पोराचा आवाज ऐकायला मिळतो तेवढा बंद होईल.”

मग माझी ड्यूटी लागली. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा, दुपारी लागलं तर शाळेतून आल्यावर. एका हातात काठी, मागे आई. मी दारापाशी उभी राहायची, ती आत. पंधरासोळा वर्षांची मुलगी, संडासाच्या रांगेपाशी काठी घेऊन उभी. मैत्रिणी बघायच्या. ओळीतली पोरं मला वॉचमन म्हणायला लागली. चार महिने मी हे केलं. मनापासून केलं नाही, पण केलं.

परीक्षा जवळ आली होती. एका संध्याकाळी मी गणितं सोडवत बसले होते आणि एक काही केल्या सुटत नव्हतं. आई डबा भरून दारात उभी राहिली. नुसतीच उभी. हाक मारायची नाही, उभं राहायचं, ही तिची पद्धत. माझी सटकली. मी ओरडले, आणि माझा आवाज काही लहान नाही, “रोज रोज काय तुला हात धरून संडासला नेऊ? लहान आहेस का तू? तो कुत्रा काही खात नाही तुला.”

बॅरकीतली भिंत म्हणजे नावाची भिंत. दोन्हीकडच्या खोल्यांत रेडिओ बारीक झाले. आईनं डबा मोरीत ठेवला आणि पीठ मळायला बसली. मला वाटलं, बरं झालं.

त्यानंतर तिनं मला कधीही सोबत मागितली नाही. आठ दिवस गेले, महिना गेला. मला वाटलं हिची भीती मोडली. मी बाबांनाही सांगितलं, बघा, लाड केले की माणूस जास्त घाबरतं. पहाटे बाबा पहिल्या पाळीला निघायचे तेव्हा ती त्यांच्याबरोबर नाल्यापर्यंत जाऊन यायची, हे मला माहीत होतं. दिवसभर ती कधी जाते, हे मी पाहिलं नाही. ती जातच नव्हती.

मला दिसत होतं ते असं. ती सकाळी अर्धा कप चहा प्यायची. जेवताना भातावर आमटी अगदी थोडी. उन्हाळ्यात माठातलं पाणी तोंडात घ्यायची, खुळखुळवायची आणि मोरीत टाकून द्यायची. मी विचारलं तर म्हणायची, नळाचं पाणी हल्ली मचूळ लागतं. ओठ फुटलेले असायचे. मधूनच थंडी वाजून ताप यायचा, लघवीला जळजळ व्हायची, कॅम्पातले डॉक्टर गोळ्या द्यायचे. ‘भरपूर पाणी प्या’ म्हणायचे. ती हो म्हणायची आणि गोळी एका घोटात उतरवायची. अशी चारपाच वर्षं गेली. मी त्या काळात बारावी झाले, नोकरीला लागले, घरात सगळ्यात शहाणी मीच होते.

कुत्रा शेवटी म्हातारा होऊन मेला. आई काकूंना भेटायला गेली होती, कारण त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मी मात्र गेले नाही.

नव्वदनंतर आम्ही बदलापूरला कुळगावात फ्लॅट घेतला. दोन खोल्या आणि आत संडास. आईच्या पलंगापासून पाच पावलांवर. ताबा मिळाला त्या दिवशी तिनं आधी देवघराची जागा बघितली नाही, संडासाचं दार उघडून बघितलं, कडी लावून बघितली. मग म्हणाली, “आता काय, राणीच झाले मी.” दीड वर्षात तिचे पाय सुजायला लागले, मग तोंड. कल्याणच्या डॉक्टरांनी फोटो काढले, रक्त तपासलं. दोन्हीकडे खडे, आणि दोन्ही किडन्या जवळपास गेलेल्या.

डॉक्टर तरुण होते, सगळं नीट विचारत होते. “आधी पाणी किती प्यायचात?”

आई म्हणाली, “नव्हते पीत. संडासाच्या वाटेवर कुत्रा होता. हिचा अभ्यास असायचा. मग मी पाणीच कमी केलं.”

तिनं हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. माझ्याकडे बघितलंही नाही. टोमणा मारला असता तर मला सोसलं असतं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. नंतर मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, त्याच्यामुळेच झालं का. ते म्हणाले, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. डॉक्टर चांगले होते, आणि मी काही मूर्ख नव्हते.

डायलिसिस सुरू झालं. मग पाण्यावर बंधन आलं. दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा, आमटी, गोळ्यांचं पाणी सगळं आलं. सकाळी मी बाटली भरून ठेवायची आणि त्यातूनच द्यायची. आणि आता तिला तहान लागायची. इतक्या वर्षांची साठलेली असावी अशी तहान. बाजूच्या खोलीत पाणी आलं की नळाच्या आवाजाकडे कान द्यायची. “घोटभर दे गं,” म्हणायची. मी बर्फाचा खडा द्यायची. तो संपला की पुन्हा, “घोटभर.” मी नाही म्हणायची. समजावून नाही म्हणायची, कधी दरडावून. माझा स्वभाव काही बदललेला नव्हता. भांड्यांच्या घंगाळातलं पाणी प्यायला जाताना मी तिला एकदा धरलं आणि हाताला धरून परत पलंगावर आणून बसवलं. सात महिने मी तिला पाणी नाही म्हणत होते.

ती चैत्रात गेली, भर दुपारी, घरी. मावशी जवळ होती. श्वास लांबला तशी मावशी म्हणाली, “दोन थेंब घाल गं तोंडात, तुळशीचं पान ठेव.” मी बाटली बाजूला सारली आणि माठातून फुलपात्र काठोकाठ भरून आणलं. दोन थेंब नाही, सगळं तिच्या तोंडाशी लावलं. म्हटलं, पी आई, पाहिजे तेवढं पी. तिला गिळता येत नव्हतं. सगळं पाणी गालावरून उशीवर गेलं.