नमुन्याची बाग

माझ्या धाकट्या भावाला सगळे 'नमुना' म्हणतात. आधी हे नाव बागेचं होतं. अठरा वर्षांपूर्वी शेतकी खात्याने त्याच्या संत्र्यांच्या बागेवर 'नमुना बाग' अशी पाटी ठोकली. पण लोकांच्या जिभेला हाड असतं का? बाग राहिली बाजूला, माणूसच नमुना झाला.

पाटी लागली तेव्हा हा इतका हरखला, की पुढे केलेल्या कागदावर न वाचताच सही ठोकून बसला. पाटी आहे तोवर खात्याला विचारल्याशिवाय एकही झाड तोडायचं नाही, असं त्यात लिहिलेलं. तेव्हापासून परदेशातले शेतकरी अभ्यासदौऱ्यावर येतात आणि खात्याच्या साहेबांनी दिलेली पांढरी टोपी घालून हा त्यांना भाषण देतो. दर वेळी तेच. मी शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या त्याच्या आधी वाक्य संपवते.

आता झाडं म्हातारी झालीत. बुंध्यांतून डिंक गळतो, तीन वर्षं धड फळ नाही. ती उपटून लिंबं लावायची, एवढंच याच्या मनात. शंभर रोपं आणून घरामागे ठेवलीत, त्यांची मुळं पिशव्या फाडून बाहेर आलीत. यंदा जमिनीत गेली नाहीत तर गेलीच म्हणून समजा. पण साहेबांचं एकच, "एवढा एक दौरा होऊ द्या हो!"

"स्पष्ट सांग ना त्यांना," मी म्हणायचे. "भीड ही भिकेची बहीण."

"ताई, त्यांची बढती अडकेल गं."

"आणि तू अडकलायस त्याचं काय, मेल्या?"

यावर तो रोपांना पाणी घालायला निघून जायचा.

या खेपेला आदल्या दिवशी साहेब दोन करंड्या संत्री घेऊन आले. बाजारातली! "ताई, तुमचा हात बारीक कामाला बसलेला. हिरव्या दोऱ्याने फांद्यांना बांधून टाका." बांधली, झक मारत बांधली. भावाने बुंध्यांना चुना फासून डिंक झाकला.

प्रत्येक फळावर बाजारचं गोल स्टिकर होतं. मी एकेक सोलून काढलं. एका फळावरचं मात्र ठेवलं, आणि विसरून नाही. ते फळ पहिल्याच झाडाला, डोळ्यांसमोर येईल असं बांधलं. येणारे शेतकरीच ना? बघतील, बोलतील, साहेबांची फजिती होईल, पाटी उतरेल. माझा भाऊ सुटेल.

बस आली. वीसेक माणसं, सोबत दुभाषी बाई. भाषण सुरू झालं. त्यांच्यातला एक जाड बोटांचा म्हातारा पहिल्या झाडापाशीच थांबला. त्याने नखाने चुना खरवडला, डिंक हुंगला. मग संत्रं फिरवून पाहिलं. दोरा पाहिला, स्टिकर पाहिलं. मी कानात प्राण आणून उभी.

म्हाताऱ्याने भावाकडे पाहिलं. हा घामाघूम, टोपी भुवयांवर आलेली. मग त्याने साहेबांकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाला.

दुभाषी बाईंनी सांगितलं, "ते म्हणतात, इतकी जिवापाड जपलेली बाग आम्ही कुठेच पाहिली नाही."

टाळ्या! म्हाताऱ्याने भावाचा हात दोन्ही हातांत धरला आणि हळूच डोळा मिचकावला. भल्या माणसाला वाटलं, आपण एका शेतकऱ्याची लाज राखली. अरे बाबा, आजच कुठून इतका चांगला निघालास रे!

साहेब तर हवेतच. "पुढच्या वर्षी दोन बस आणू! कागद पण नवा करून टाकू, दहा वर्षांचा." तो कागद त्यांच्या बॅगेत तयारच होता. बसच्या दाराशी, दुभाषी बाईंच्या पेनाने भावाची सही झाली. मी "अरे, थांब!" म्हणून ओरडले, पण टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार?

बस गेल्यावर भाऊ पायरीवर बसला. टोपी काढली, मूठ उघडली. तळहातावर ते गोल स्टिकर चिकटलेलं. हात मिळवताना म्हाताऱ्याने फळावरचं काढून गुपचूप त्याच्या हाती दिलं होतं. मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकावं, असं ओठांवर आलं.

तो नखाने स्टिकर खरवडत होता. ते निघेना.

"असू दे, रडू नकोस," तो म्हणाला. "पुढच्या वेळी तेवढं नीट बघून काढ, ताई."