खिडकीकडे पाठ फिरवलेली रोपं

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट, मंगळवारची. संध्याकाळी शाळेतून आले, बारामतीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. खिडकीतल्या ट्रेमधली वांग्याची रोपं उजेडाकडे पाठ करून खोलीच्या आत वाकली होती... सगळीच्या सगळी. आत, म्हणजे भिंतीला लागून असलेल्या रिकाम्या कॉटकडे.

मी विज्ञान शिकवते. रोप उजेडाकडे वळतं हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून पोरांना सांगते. त्यामुळे अंगावर काटा आला, तरी तो आलाय हे कबूल करायला मला जरा वेळ लागला.

ती कॉट सासूबाईंची. श्रावणात त्या त्याच कॉटवर गेल्या. तेव्हापासून खोली झाडूनपुसून बंदच असते, पण सकाळचं ऊन थेट आत येतं ते तिथेच. बाकी घर जानेवारीत नुसतं गारठलेलं.

बीसुद्धा त्यांचंच. आमचं गाव कळस, इंदापूर तालुक्यातलं. तिथल्या परसात त्या काटेरी वांगी लावायच्या. एक चांगलं वांगं झाडावरच पिकू द्यायचं, त्याचं बी सुकवून राखेत कालवायचं आणि चिंधीत बांधून ठेवायचं, ही त्यांची रीत. त्यांच्यामागे एकच पुरचुंडी उरली होती. त्यातलं निम्मं बी मी दिवाळीनंतर अंगणातल्या कुंडीत टाकलं आणि थंडीनं वाया घालवलं. अतिशहाणपणा, दुसरं काय! उरलेलं निम्मं गेलं असतं, तर ते वाणच संपलं असतं.

मला ते हवं होतं तात्यांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. सासूबाईंच्या आजारपणात दोघं इकडे आले होते, आता तात्या एकटेच राहिलेत. दिवसभर खाली हॉलमध्ये खुर्चीत बसतात, बोलत नाहीत. वांग्याची भाजी केली की ताट सरकवतात, "हे आपलं न्हाय." त्यांचं जेवण दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं आणि मला खरंच धास्ती वाटायला लागली होती.

म्हणून कोकोपीट आणलं, ट्रे भरला, राखेसकट बी टाकलं. होळीच्या आत थंडी सरेल, मग रोपं कळसला न्यायची असा बेत. पंधरा दिवस काहीच नाही... आणि एका सकाळी हिरवे ठिपके दिसले. मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

आणि आता हे.

बुधवारी सकाळी ट्रेच्या खिडकीकडच्या कडेवर मार्करनं फुली मारली. संध्याकाळी फुली कॉटकडे! म्हणजे ट्रेच फिरला होता. मी तो पुन्हा सरळ केला, तर गुरुवारीही तेच. दार मात्र मी ओढून गेले होते तसंच.

नवरा साखर कारखान्यात, गाळप चालू असल्यामुळे सकाळी जातो तो रात्रीच उगवतो. तात्यांचे गुडघे असे, की श्रावणापासून ते जिन्याकडे फिरकलेसुद्धा नव्हते. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, पेपर तपासून तुझं डोकं फिरलंय. तात्यांना विचारलं. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तिचं बी हाय. तिची ती बघंल."

त्यानंतर त्या कॉटकडे पाठ करून उभं राहायची माझी हिंमत होईना. घाईघाईनं तांब्याभर पाणी ओतायचे आणि उलट्या पावली बाहेर यायचे.

शनिवारी सकाळी चार रोपं आडवी झालेली दिसली, देठ मातीलगत काळे पडून. मी ती गुपचूप उपटून टाकली. कुणाला सांगितलं नाही... भीती होती आणि लाजही.

शनिवारी शाळा सकाळची. साडेबाराला घरी आले तर हॉलमधली खुर्ची रिकामी, तात्यांचा चष्मा तेवढा तिच्यावर. आणि वरून बोलण्याचा आवाज.

मी जिन्यातच थांबले. आवाज तात्यांचाच होता. सहा महिन्यांत ऐकला नव्हता इतका मोकळा. बोलायचे, थांबायचे, हसायचे, मग "व्हय, व्हय" म्हणायचे. ते थांबले की मीही श्वास रोखून ऐकत होते... मला काहीच ऐकू आलं नाही. पण समोरच्याचं बोलून होईपर्यंत माणूस जसा थांबतो, तसेच ते थांबत होते.

दार लोटलं. तात्या खिडकीपाशी स्टुलावर बसले होते, धोतर मागून धुळीनं माखलेलं. मी शाळेत गेले की माणूस रोज बसत, सरकत, एकेक पायरी चढत होता! ट्रे फिरवून फुली कॉटकडे केलेली.

"तितनं तिला दिसत नव्हतं," ते म्हणाले. अगदी साधेपणानं.

मला रडू आलं. म्हटलं, चला, कोडं तरी सुटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "ही म्हणती, पानी लई घालतीस तू. चार गेली. बाकीची बी जातील."

तात्यांनी जन्मभर ट्रॅक्टर चालवला. परसातल्या वांग्याला कधी हात लावला नाही. आणि चष्म्याशिवाय त्यांना ताटातला भातसुद्धा नीट दिसत नाही.

मी कॉटकडे न बघता "बरं" म्हटलं.

पाण्याचं ते संसारात चाळीस वर्षं कानावर पडलं असेल, चारचा आकडा योगायोग असेल... असं मी स्वतःला समजावते. विज्ञानाची बाई आहे, समजवायलाच हवं. पण पाणी कमी केलं. त्यानंतर एकही रोप गेलं नाही. आता शाळेतून आल्यावर तात्यांना मीच धरून वर नेते आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत बाहेर पायरीवर बसते. काल त्यांनी रात्री दुसरी भाकरी मागून घेतली.

सासूबाई होत्या तेव्हा माझ्या कामात खोट काढली, की मी दोन-दोन दिवस धुमसायचे. ह्या वेळी तुम्ही चूक काढलीत, सासूबाई... आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!