शेठचे गिअर

किमती मी वाढवत नाही. हे वाक्य हल्ली मी इतक्या वेळा बोलतो, की दुकानाच्या पाटीवरच रंगवून घ्यावं असं वाटतं. सुरतेत वेसूला माझं भारी सायकलींचं दुकान आहे. रेसच्या सायकली, त्यांचे गिअर, ब्रेक, चाकं. किमती वाढवते ती कंपनी, आणि ती बसली आहे जपानात. तिचं दरपत्रक पूर्वी वर्षातून एकदा यायचं. आता मनाला येईल तेव्हा येतं, आणि सोबत कच्च्या मालाचं नि चलनाचं तेच ते एक वाक्य असतं. मी ते वाचतो, चहा मागवतो आणि लोकांची बोलणी खायला तयार होतो.

गिऱ्हाइकाला वाटतं, वाढलेला सगळा पैसा याच्याच खिशात गेला. काहीजण तोंडावर म्हणतात, काहीजण मोबाइलवर परदेशातला भाव काढून माझ्या नाकासमोर धरतात. आधी मी कस्टम, जीएसटी, वितरकाचं कमिशन असं सगळं समजावून सांगायचो. आता नाही सांगत. माझे वडील पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या खात्यात होते. घरी आले की भिंतीला टेकून बसायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. आता भेस्तानला घरी पोचल्यावर मीही तसाच बसतो, आणि माझी मुलगी माझ्यावर चिडते.

शेठ माझ्या पहिल्या काही गिऱ्हाइकांपैकी. सुताचे व्यापारी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं तेव्हा आले आणि सायकलीच्या नादी लागले ते लागलेच. या जपानी कंपनीचा सगळ्यात वरच्या दर्जाचा गिअरचा सेट सुरतेत पहिल्यांदा मी विकला तो त्यांना. तेव्हापासून त्यांच्यासाठी दुसरी कंपनी जगात नव्हती. कोणी इटलीच्या मालाची तारीफ केली तर शेठ नाक मुरडून म्हणायचे, ‘‘दिखावटी छे.’’ अमेरिकन कंपनीबद्दल ते बोलायचेच नाहीत, जसं आपण भावकीतल्या एखाद्या माणसाबद्दल बोलत नाही. दर रविवारी सकाळी आमचं टोळकं हजीऱ्याच्या बाजूला जातं. तिथे थांबलो की नव्या मंडळींना शेठ कंपनीचं प्रवचन द्यायचे. घर बदलेन, गाडी बदलेन, पण गिअर याच कंपनीचे, असं म्हणायचे. कंपनीने त्यांना कधी साधी टोपीसुद्धा पाठवली नसेल.

मला त्यांचं कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू. माझीही कंपनीवर तेवढीच भक्ती होती. नकली माल मी लांबून ओळखायचो आणि समोरच्याला तिथल्या तिथे सांगायचो, मग त्याला राग येवो नाहीतर लाज वाटो. या माणसाच्या दुकानात चुकीचा पार्ट मिळत नाही, एवढी एकच कमाई मी या धंद्यात केली.

गेल्या वर्षी शेठच्या सायकलीचा उजवा लिव्हर गेला. हँडलवरचा हा लिव्हर दाबला की मागच्या चाकाजवळचा डिरेलर साखळी सरकवतो आणि गिअर बदलतो. आतली दातेरी चकती झिजली की तो पोकळ होतो, दाबा नाहीतर दाबू नका, सारखंच. मी वितरकाला फोन केला. कंपनीने तो बनवणं बंद केलं होतं. वरच्या दर्जात आता सगळं बॅटरीवर चालणारं, आणि एक लिव्हर बदलून भागत नाही. सगळा सेटच घ्यावा लागतो. शेठच्या जुन्या फ्रेमला बसेल असा एकच सेट वितरकाकडे उरला होता. त्याचा भाव ऐकून मीच खुर्चीत बसलो.

त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ, तो अजून पांडेसऱ्यातच मिलमध्ये आहे, जेवताना बोलून गेला की शेठचं सूत ज्यांच्याकडे जातं त्यांचे माग निम्मे बंद आहेत, आणि शेठचे पैसे सगळीकडे अडकलेत. त्याने ते सहज सांगितलं. मी मात्र ते डोक्यात ठेवून दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो.

शेठ आले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांना नव्या सेटचा भाव सांगितला आणि लगेच पुढे म्हणालो, ‘‘शेठ, कशाला उगाच एवढे घालता? एका चिनी कंपनीचा लिव्हर आणि मागचा डिरेलर आहे. मी स्वतः चालवून बघितलाय. काही फरक पडत नाही. पाव किमतीत काम होईल.’’

आम्हा खानदेशी माणसांची ही सवयच आहे. आपल्या माणसाचे पैसे वाचवणं म्हणजेच माया, असं आमच्या घरात चालतं. शेठचा चेहरा बदलला. त्या दोन गिऱ्हाइकांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे.

‘‘तने शुं लागे छे? मारी पासे पैसा नथी?’’ माझ्याकडे पैसे नाहीत, असं वाटतं तुला?

‘‘तसं नाही शेठ...’’

‘‘तर मग कसं?’’ त्यांनी फोन काढला आणि तिथल्या तिथे सगळी रक्कम माझ्या खात्यात टाकली. खोकं आलं त्या दिवशी स्वतः घ्यायला आले, पण बसले नाहीत. फिटिंग मी करतो म्हणालो, तर म्हणाले, ‘‘बीजे करावी लईश.’’ दुसरीकडे करून घेईन. सुरतेत हे काम नीट करणारा दुसरा कोणी नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘‘तुमनं काम इकानं. सल्ला देवानं कोनी सांगं?’’ माझं काम विकायचं, सल्ला द्यायला कोणी सांगितलं होतं? तिचं बरोबर होतं. त्या महिन्यातली सगळ्यात मोठी विक्री झाली होती, आणि जेवण जात नव्हतं.

त्यानंतर रविवारी शेठ यायचे बंद झाले. पहिले काही रविवार कोणी ना कोणी विचारायचं. मग पावसाळा आला, मग नवरात्र, आणि लोकांनी विचारणं सोडलं. मी दोनदा फोन केला. एकदा त्यांनी उचलला आणि लग्नाच्या सीझनचं काम आहे म्हणाले. तेव्हा लग्नाचा सीझन नव्हता. मधल्या काळात कंपनीने दोनदा भाव वाढवले. माझ्याकडे येणारी तरुण गिऱ्हाइकं दुसऱ्या कंपन्यांकडे वळली, इंटरनेटवरून परस्पर माल मागवायला लागली, आणि माझ्याकडे फक्त बसवायला आणायला लागली. मी बसवून द्यायचो. भांडायची ताकद उरली नव्हती. पण शेठची सायकल रस्त्यावर दिसत नाही याचा मला रोज त्रास व्हायचा. ती सायकल मी जोडली होती, आणि मीच ती थांबवली होती.

एके दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळी, दुकानात कोणी नसताना ते आले. हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून खोकं काढून काउंटरवर ठेवलं. कंपनीचं सील जसंच्या तसं.

‘‘आ बेसतुं नथी,’’ ते म्हणाले. ‘‘बसतच नाही माझ्या सायकलला.’’

सील न फोडता बसत नाही हे कसं कळलं, असं कोणीही विचारलं असतं. मी तो सेट फ्रेमचा नंबर देऊन मागवला होता. तो बसणारच होता. शेठ माझ्याकडे बघत नव्हते. मागच्या भिंतीवरच्या टायरांकडे बघत होते. ते किती बारीक झाले होते ते मला तेव्हा दिसलं. सायकल न चालवताच.

‘‘हो शेठ,’’ मी म्हणालो. ‘‘चूक माझीच. मॉडेल चुकीचं मागवलं मी.’’

माझ्या दुकानातून चुकीचा पार्ट गेला असं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो. शेठनी मात्र लगेच आवाज चढवला, इतकी वर्षं धंदा करतो आणि माप बघता येत नाही का, लक्ष कुठे असतं तुझं, असं बरंच काही. मी ऐकून घेतलं. इतक्या महिन्यांनी ते माझ्यावर ओरडत होते, ते मला बरं वाटलं.

पैसे परत द्यायची वेळ आली तेव्हा मी कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवला आणि आजचा भाव दाखवला. माल सीलबंद आहे, तर आजच्या भावाने परत घेतो, म्हणालो. ही दया आहे की हिशेब, हे ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत ताडत राहिले. हिशेबच होता. असला सेट आता कुठे मिळत नव्हता, आणि पुण्याचा एक माणूस कधीपासून मागे लागला होता. आयुष्यभर ज्या भाववाढीच्या नावाने मी कपाळावर हात मारला, तिने त्या एका दुपारी माझी बाजू घेतली. शेठनी मान हलवली.

ते जायला निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

‘‘ड्रायव्हरला सायकल घेऊन पाठवतो. जे चाले ते नाख. चालेल ते बसव.’’ मग काउंटरवर दोन्ही हात टेकवून, खालच्या आवाजात, ‘‘नाम न कहेतो.’’

नाव सांगू नकोस. मी सांगणार नव्हतो, पण नाव त्या पार्टवर होतंच. चिनी कंपनीने ते लिव्हरवर आणि डिरेलरवर पांढऱ्या अक्षरांत ठळक छापलं होतं, जसं नवा माणूस आपली ओळख जरा जोरात करून देतो. सायकल आली. मी शटर अर्धं खाली ओढलं, बारीक पॉलिश पेपर घेतला, आणि ती अक्षरं घासायला बसलो. भरपूर वेळ लागला. मग काळा रंग लावला, वाळू दिला, परत घासलं. दुसऱ्याच्या मालावरचं नाव मिटवणाऱ्यांना मी आयुष्यभर चोर म्हणत आलो. हात दुखत होते, पाठ दुखत होती, आणि काम मात्र छान होत होतं, याचंही वाईट वाटत होतं.

रविवारी शेठ आले. कोणी फार काही विचारलं नाही, सुरती माणसं याबाबतीत समजूतदार असतात. फक्त दोघांनी पाठीवर थापा मारल्या. शेठ हळू चालवत होते. मी त्यांच्या बरोबरीने राहिलो. गिअर नीट बदलत होते. हजीऱ्याच्या रस्त्यावर ट्रकांची रांग संपते तिथे आम्ही पाणी प्यायला थांबलो. तिकडच्या प्लँटमधला एक इंजिनिअर नुकताच आमच्यात आला होता. त्याला सायकलीतलं बरंच कळायचं. तो शेठच्या सायकलीजवळ वाकला, मागचा डिरेलर बघितला, बोट फिरवलं.

‘‘शेठ, हे कुठल्या कंपनीचं? ओळखू येत नाही.’’

शेठनी जपानी कंपनीचं नाव घेतलं. मोठ्याने, पहिल्यासारखं. इंजिनिअरने भुवया उंचावल्या आणि माझ्याकडे बघितलं. सगळेच माझ्याकडे बघायला लागले, कारण अशा बाबतीत शेवटचा शब्द माझा, हे टोळक्यात ठरलेलं आहे.

‘‘जुनं मॉडेल आहे,’’ मी म्हणालो. ‘‘आता मिळत नाही.’’

इंजिनिअर ‘अच्छा’ म्हणून सरळ झाला. शेठनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी बाटलीतलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं, रुमालाने बराच वेळ चेहरा पुसला आणि म्हणाले, ‘‘चालो, तडको थई जशे.’’ ऊन चढेल म्हणून सगळे निघाले. मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, कारण मला रडू येत होतं, आणि ते कोणी बघू नये असं वाटत होतं.